वाढत्या अंगाचे

पृथ्वीवरच्या सगळ्या प्राण्यांची शिरगणती करायचं कुणी मनावर घेतलं, तर त्या कामाला जुंपलेल्या मास्तरांची पहिल्याच दिवशी पंचाईत होईल. पाचांपैकी चार प्राण्यांच्या बाबतीत शीर कुठलं आणि शेपूट कुठलं हेच त्यांना कळणार नाही. दोन्हीकडे निमुळता, मधे गोल, पाय नाहीत, पंख नाहीत, बहुतेकांना डोळेही नाहीत, आणि एवढं सगळं नसून वर सहसा भिंगाशिवाय दिसायचा नाही, असा हा प्राणी म्हणजे सूत्रकृमी. त्याचे काही थोराड भाऊबंद आपल्यापैकी अनेकांच्या पोटात लहानपणी राहून गेलेले असतात, त्यांना आपण जंत म्हणतो. डाळिंबवाले शेतकरी त्याला निमॅटोड म्हणतात आणि म्हणताना तोंड कडू करतात. बाकीच्यांना त्याच्याबद्दल काही म्हणायचंच नसतं, कारण तो आहे हेच त्यांच्या गावी नसतं.

आहे म्हणजे किती आहे? २०१९ साली शास्त्रज्ञांनी जगभरच्या मातीचे साडेसहा हजारांवर नमुने जमवून हिशेब मांडला. जमिनीच्या वरच्या थरातच ४४ वर १९ शून्यं इतके सूत्रकृमी निघाले. वाटणी करायची झाली तर दर माणशी ५७ अब्ज. सगळ्यांचं मिळून वजन ३० कोटी टनांच्या आसपास, म्हणजे अख्ख्या मानवजातीच्या वजनाच्या जवळपास चार-पंचमांश. आणि यातली सर्वांत दाट वस्ती आपल्यासारख्या उबदार, ओलसर मुलखात नाही, तर उत्तरेकडच्या थंडगार टुंड्रात आणि सूचिपर्णी जंगलांत. कोकणात एवढा पाऊस पडून, एवढा पालापाचोळा कुजूनही हा मान आपल्याला मिळाला नाही, याचं वाईट वाटून घ्यावं की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

अमेरिकेच्या शेतीखात्यात नॅथन कॉब नावाचे एक गृहस्थ होते. त्यांना सूत्रकृमींचं वेड होतं. १९१४ सालच्या खात्याच्या वार्षिकात त्यांनी एक कल्पना लढवली. विश्वातलं सूत्रकृमी सोडून बाकी सगळं नाहीसं झालं, तरी आपली पृथ्वी पुसटशी का होईना ओळखू येईल. डोंगर, दऱ्या, नद्या, तळी यांच्यावर सूत्रकृमींचा पातळ पापुद्रा असेल, त्यावरून त्यांचे आकार कळतील. झाडं गेली तरी त्यांच्या जागी उरलेल्या सूत्रकृमींवरून रस्त्यांच्या कडा समजतील. गावंही सापडतील, कारण जिथे माणसांची दाटी तिथे त्यांचीही दाटी. सरकारी वार्षिकात हे छापून आलं याचं मला फार कौतुक आहे. आपल्याकडच्या खात्यांची वार्षिकं मीही चाळली आहेत. कॉबसाहेबांच्या हिशेबाने महाराष्ट्रापुरतं बोलायचं, तर सह्याद्रीची धार, कोल्हापूरकडचे उसाचे फड आणि दादर स्टेशन एवढं तरी नक्की ओळखता येईल.

या प्राण्याचं नातं कुणाशी लावायचं हा प्रश्न बराच काळ लोंबकळत होता. १८१७ मध्ये फ्रान्सच्या कुव्हिएने गांडुळं आणि कीटक यांना एका दावणीला बांधलं होतं, कारण दोघांच्याही अंगावर वळी. दिसायला पटण्यासारखं होतं. शाळेत आम्हीही गांडुळाची वळी मोजत मोजत झुरळाकडे आलो. सूत्रकृमी बिचारे भलतीकडेच, फुटकळांच्या रकान्यात. मग १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये एक शोधनिबंध आला. त्यातल्या मंडळींनी बाह्यरूप बाजूला ठेवून या सगळ्यांच्या एका जनुकाचा मजकूर ताडून पाहिला, आणि घराण्याचा वंशवृक्षच उलटापालटा झाला. गांडूळ गेलं जळवा, गोगलगायी आणि तिसऱ्यांच्या पंगतीला. आणि खेकडा, झुरळ, कोळी, विंचू, फुलपाखरू, जूनमध्ये अंगणात येणारा लाल मखमली मृगाचा किडा, हे सगळे निघाले जंताचे चुलत भाऊ. त्यांना एकत्र बांधणारी गोष्ट एकच : वाढायचं तर कात टाकावी लागते. घराण्याचं नावही त्यावरूनच पडलं, एक्डिसोझोआ. प्राणिशास्त्रातल्या काही ज्येष्ठांना ही सोयरीक पुढे कित्येक वर्षं पचली नाही. जंताशी नातं जोडायला फुलपाखराची हरकत कुणी विचारली नव्हती, पण फुलपाखराच्या वतीने रागावणारी माणसं भरपूर निघाली.

कात म्हटलं की आपल्याला साप आठवतो. पण साप या घराण्यातला नव्हे. त्याची हाडं आत आहेत, तो आत वाढतो आणि वरचा पातळ पापुद्रा बदलतो, एवढंच. त्याच्यासाठी तो स्वच्छतेचा भाग. खेकड्याचं तसं नाही. खेकड्याचं हाड म्हणजे त्याचं कवच, आणि ते बाहेरून. ते एकदा टणक झालं की ताणत नाही. आत मांस वाढत राहतं आणि बाहेरचा डबा तेवढाच. म्हणून मग तो आपल्या जुन्या कवचाच्या आतल्या बाजूला गुपचूप दुसरं शिवायला घेतो. आधी कातडी जुन्या कवचापासून सुटते. मधल्या फटीत एक पाचक रस झिरपतो, तो जुन्या कवचाचा आतला थर विरघळवतो आणि त्यातला माल पुन्हा शरीरात ओढून घेतला जातो. कापड महाग असल्यासारखा सगळा कारभार. नवीन कवच मऊ असतं, आणि जुन्यापेक्षा मोठं असल्यामुळे आत चुण्या घालून दुमडलेलं असतं. जूनमध्ये आई मुलाचा गणवेश घेते तो जसा ‘वाढत्या अंगाचा’ घेते, बाह्या मनगटाखाली लोंबणाऱ्या आणि चड्डी गुडघ्याखाली येणारी, तसंच हे. फरक इतकाच की पोराला तो गणवेश दिवाळीपर्यंत ढगळ होतो आणि खेकड्याला तासाभरातच भरून काढावा लागतो.

तो भरून काढतो पाण्याने. जुनं कवच पाठीमागे, पोटाची घडी सुरू होते तिथे फटकन उघडतं, आणि खेकडा त्यातून मागच्या मागे, उलट्या पावली बाहेर येतो. नांग्यांची जाड बोटं अरुंद सांध्यांतून ओढून काढायची असतात, म्हणून त्यातलं मांस आधी सुकवून आकसवतो. डोळ्यांवरचं पारदर्शक आवरण निघतं. कल्ल्यांवरचं निघतं. खेकड्याचे अन्न भरडायचे दात तोंडात नसतात, जठरात असतात, तेसुद्धा अस्तरासकट निघतात. आपल्याला एक दाढ काढायची तर आदल्या रात्रीची झोप उडते. बाहेर आला की तो पाणी शोषून टम्म फुगतो, चुण्या उलगडतात, आणि त्या फुगलेल्या मापावर कवच कडक व्हायला लागतं. मग पुढचे दिवस तो एकेक घास खाऊन पाण्याची जागा मांसाने भरत बसतो.

बाजारात कुर्ली घेताना पोटाकडची बाजू दाबून बघायची असते ती याचसाठी. मासळीवाली ‘भरलेली हाय बघा’ म्हणते आणि आपण जाणकार असल्याचा आव आणून दाबतो. दाबून आत गेली, हातात हलकी लागली, तर ती कुर्ली नुकतीच कात टाकून बसलेली असते. आपण घरी आणतो ते कवच, समुद्राचं पाणी आणि कुर्लीच्या भविष्याबद्दलच्या अपेक्षा. अमावास्येच्या सुमाराला कुर्ल्या भरलेल्या आणि पौर्णिमेला पोकळ, असं किनाऱ्यावर सांगतात. मी स्वतः चंद्रापेक्षा वजनावर भरवसा ठेवतो, पण पौर्णिमेला कुर्ल्या आणल्या की घरात जे बोलणं ऐकावं लागतं त्यावर वजनाचा काही उपाय नाही.

खेकड्याचा हा मऊपणाचा काळ भलताच जोखमीचा. नांगीने चिमटा घेता येत नाही, कारण नांगीच लुसलुशीत. चालता येत नाही धड. मासा, पक्षी, शेजारचा मोठा खेकडा, सगळ्यांचा डोळा. म्हणून तो बिळात, दगडाखाली, कांदळवनाच्या मुळांत दडून बसतो. मात्र मोठ्या चिखली खेकड्यांच्या माद्यांना याच वेळी एक पहारेकरी मिळतो. मादी कात टाकायच्या बेतात आली की नर तिला पायांच्या कवेत धरून फिरत राहतो, कधी कित्येक दिवस. ती मऊ झाली की मीलन होतं, आणि तिचं कवच टणक होईपर्यंत पुष्कळदा तो तिथेच राखण करतो. कवच टणक असताना हे जमण्यासारखं नसतं. शौर्य आणि सोय यांतलं त्यात काय किती, हे खेकड्यालाच विचारावं.

घरातही हा सोहळा चालतो, फक्त आपण त्याकडे चप्पल घेऊन बघतो. रात्री स्वयंपाकघरात दिवा लावल्यावर कधी दुधासारखं पांढरं झुरळ दिसतं, काळेभोर डोळे असलेलं. ते दुर्मिळ जातीचंही नसतं आणि आजारीही नसतं. ते नुकतंच जुन्या कवचातून निघालेलं, हवा गिळून फुगलेलं झुरळ असतं. काही तासांत ते तपकिरी आणि टणक होतं. सिंकखाली सापडणारी ती पोकळ, पाठीवर उकललेली, सहा पायांची कात नीट पाहिली तर आत पांढऱ्या दोऱ्यांसारखं काही लोंबताना दिसतं. त्या त्याच्या श्वासनळ्यांच्या आतल्या बाजूची अस्तरं. म्हणजे श्वास घ्यायच्या नळ्यांतूनही जुना माल ओढून काढायचा, आणि तो काढताना श्वासाची पंचाईत सोसायची. पुष्कळ कीटक याच घटकेला अडकून मरतात. एखादा पाय जुन्या कातेतच राहतो. खेकड्याचा पाय गेला तर पुढच्या एक-दोन कातींत नवा फुटतो, आधी बोटभर, मग बरोबरीचा. झुरळालाही हे जमतं, पण पंख फुटायच्या आत. एकदा पंख आले की कात बंद आणि दुरुस्तीही बंद.

आता अंगावर नवं येणार म्हटल्यावर माणूस गडबड करतो. ही मंडळी उलट स्वस्थ होतात. मराठवाड्यात तुती लावून रेशीम अळ्या पाळणाऱ्या शेतकऱ्यांना हे चांगलं माहीत असतं. अळी आयुष्यात चार वेळा कात टाकते, आणि प्रत्येक वेळी आधी डोकं वर उचलून, ध्यानाला बसल्यासारखी दिवसभर तशीच राहते. त्या वेळी पाला टाकायचा नाही. बिछाना कोरडा राहावा म्हणून वर चुन्याची भुकटी भुरभुरवायची. बहुतेक अळ्या उठल्या की मगच पुन्हा पाला. शेडमध्ये तो दिवस सुट्टीचा. पाचव्या अवस्थेत मात्र त्या असा काही पाला फस्त करतात की घरातली सगळी माणसं फांद्या तोडून दमतात. अंड्यातून निघाल्यापासून कोष विणेपर्यंत अळीचं वजन जवळपास दहा हजार पटींनी वाढतं. मधे चार दिवस तिने काही न करता काढले, याबद्दल तक्रार करायची सोय नाही.

सूत्रकृमीसुद्धा कात टाकण्याआधी झोपतो. हे कळलं ते एका मिलिमीटरभर लांबीच्या किड्यावरून, ज्याचं नाव सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स. त्याची कीर्ती त्याच्या आकाराला अजिबात शोभत नाही. १९६३ मध्ये केंब्रिजमधल्या सिडनी ब्रेनर यांनी हा किडा संशोधनासाठी निवडला. काचेच्या बशीत जिवाणूंच्या पातळ साईवर तो जगतो, तीन-साडेतीन दिवसांत मोठा होतो, आणि अंग पारदर्शक. प्रौढ उभयलिंगी किड्याच्या शरीरात, बीजपेशी सोडून, ९५९ पेशी असतात, कमी नाहीत, जास्त नाहीत. चेतापेशी ३०२. जॉन सल्स्टन यांनी भिंगाला डोळा लावून दीड वर्ष रोज तासन्‌तास बसून त्याच्या गर्भातली प्रत्येक पेशी कुठून आली आणि कुठे गेली याची नोंद केली. किड्याच्या वाढीत एकूण १३१ पेशी नेमक्या ठरल्या वेळी स्वतःहून मरतात. सल्स्टन यांची ही बैठक एखाद्या कीर्तनकाराला लाजवणारी. २००२ साली ब्रेनर, सल्स्टन आणि त्यांचे सहकारी हॉर्विट्झ यांना नोबेल मिळालं. त्यानंतर याच किड्यावरच्या कामाला आणखी नोबेलं मिळत गेली, अगदी २०२४ पर्यंत. किड्याला अजून काही मिळालेलं नाही. २००३ मध्ये कोलंबिया अवकाशयान कोसळलं तेव्हा त्यातल्या डब्यांतून तो पडला आणि जिवंत सापडला, याची तेवढी नोंद झाली.

हा किडा चार वेळा कात टाकतो आणि दर वेळी आधी दोन-तीन तास खाणं थांबवून निपचित पडतो. त्याला आधी नुसती सुस्ती म्हणत. २००८ मध्ये दाखवलं गेलं की ती खरोखरची झोप आहे. डिवचलं तर उशिरा जागा होतो, आणि झोपू दिलं नाही तर पुढे जास्त गाढ झोपतो. ३०२ चेतापेशींचा हा प्राणी सक्तीच्या जागरणानंतर जे करतो, ते करायला आम्हाला वरिष्ठांची परवानगी लागते.

आता वाढ थांबायची कधी, कात टाकायची कधी, हे कोण सांगतं? १९५४ मध्ये जर्मनीत बुटेनान्ट आणि कार्लसन यांनी रेशीम किड्यांचे ५०० किलो कोशित आणले आणि त्यातून कात टाकायला लावणाऱ्या संप्रेरकाचे स्फटिक वेगळे काढले. अर्धा टन कोशितांतून हाती लागले २५ मिलिग्रॅम. नखावर मावतील एवढे. त्याला एक्डायसोन म्हणतात. हे ‘टाक’ म्हणतं. त्याच्या जोडीला दुसरं एक संप्रेरक असतं, ते ‘टाक, पण अजून लहानच राहा’ म्हणतं. ते ओसरलं की पुढच्या कातेतून पंखवाला प्रौढ बाहेर येतो. दोघांचं पटेपर्यंत बालपण.

या दुसऱ्या संप्रेरकाची एक कथा आहे, ती कितीही वेळा आठवली तरी मला नवीच वाटते. साठच्या दशकात कारेल स्लामा नावाचे शास्त्रज्ञ प्रागहून अमेरिकेत हार्वर्डला कॅरल विल्यम्स यांच्या प्रयोगशाळेत आले. सोबत आपले लाल ढेकूण घेऊन आले. हे आपल्या कपाशीवर बसणाऱ्या लाल ढेकणांच्याच कुळातले. युरोपात ते पाच वेळा कात टाकून मुकाट्याने प्रौढ होत. हार्वर्डमध्ये एकही होईना. पाचव्या कातेनंतर प्रौढ व्हायच्या जागी सहावं बालपण. कुणी सातवंही. मोठेमोठे झाले, पंख नाहीत, आणि तसेच मेले. पाणी बदललं, खाणं बदललं. शेवटी संशय आला तो भांड्यात तळाला घातलेल्या कागदी टॉवेलांवर. मग कागदांची चाचणी सुरू झाली. अमेरिकेत छापलेली ‘न्यू यॉर्क टाइम्स’, ‘वॉल स्ट्रीट जर्नल’, ‘सायन्स’, सगळ्यांवर ढेकूण बालच राहिले. लंडनच्या ‘टाइम्स’वर आणि ‘नेचर’वर प्रौढ झाले. अमेरिकेतला कागद ज्या बाल्सम फर झाडाच्या लगद्याचा होतो, त्या झाडातच बाल्य टिकवणाऱ्या संप्रेरकासारखं एक द्रव्य असतं. झाडाने ते कुठल्याशा किड्यासाठी बनवलेलं, छापखान्यातूनही जसंच्या तसं टिकलेलं. पुढे आपल्याकडच्या लाल ढेकणांवरही ते लागू पडल्याचं दिसलं. कोणत्या मराठी दैनिकाच्या कागदावर ढेकूण प्रौढ होतील आणि कोणत्यावर कायमचे बाल राहतील, हा प्रयोग कुणी केला असेल असं वाटत नाही. आपल्याकडचा कागद वेगळ्याच लगद्याचा असला, तर निकालाचा दोष कागदावर टाकता यायचा नाही.

शेतकरी मात्र हीच मेख रोज वापरतो. पाच किलो निंबोळ्या कुटून, रात्रभर भिजवून, गाळून शंभर लिटर पाण्यात केलेला पाच टक्के निंबोळी अर्क फवारला, की शेजारचा विचारतो, अळी मेली का? मरत नाही. निदान लगेच नाही. निंबोळीतलं अझाडिरॅक्टिन अळीच्या तोंडची चव घालवतं आणि तिच्या कात टाकण्याच्या संप्रेरकाचा मेळ बिघडवतं. ती फिरत राहते, पुढची कात टाकायची वेळ आली की फसते, जुन्यात अडकते, आणि मग मरते. दुकानातली नोव्हाल्युरॉनसारखी औषधं कवचाचा मूळ माल, म्हणजे कायटिन, बनूच देत नाहीत, त्यामुळे नवं कवच तयारच होत नाही. दोन्हींच्या बाबतीत दुसऱ्या दिवशी बांधावर उभं राहून हिरव्यागार अळीकडे बघायला जो धीर लागतो, तो बाटलीवर छापलेला नसतो. सूत्रकृमीला यातलं दुसरं लागू होत नाही. त्याची कात कायटिनची नव्हे, कोलॅजेनची, म्हणजे आपल्या कातडीत आणि सांध्यांत असतं त्याच जातीच्या प्रथिनाची. डाळिंबाच्या आणि पेरूच्या मुळांवर गाठी आणणारे ते सूत्रकृमी पहिली कात अंड्यातच टाकून घेतात. मग मुळात शिरतात आणि मादी तिथेच फुगून पेरूसारखी होऊन बसते. शेतकरी झेंडू लावतात. झेंडूच्या मुळांतलं द्रव्य यांना मानवत नाही.

त्यांच्याच कुळातले दुसरे काही मात्र शेतकऱ्याच्या बाजूने लढतात. वळवाचा पहिला पाऊस झाला की संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंबावर आणि बाभळीवर गोळा होतात. त्यांची पोरं, ती पांढरी वाकडी हुमणी, उसाची मुळं खाते. तिच्यावर सोडायला सूत्रकृमी मिळतात. हे पोटात आपले जिवाणू घेऊन फिरतात, हुमणीच्या अंगात शिरतात आणि जिवाणू सोडतात. दोनेक दिवसांत हुमणी खलास, आणि तिच्यावर यांची पुढची हजारोंची पिढी. यातली गंमत अशी की हुमणी शोधत मातीत भटकायच्या अवस्थेत हे कात तर टाकतात, पण ती अंगावरून काढत नाहीत. जुनी कात तशीच वरून, ओव्हरकोटसारखी. कोरडेपणापासून, मातीतल्या बुरशीपासून बचावायला उपयोगी पडते. तोंड झाकलेलं असल्यामुळे खाता येत नाही, पण तेवढी भूक चालवून घेतात. भिंतीवरच्या शेवाळात राहणारी पाण्यातली अस्वलं, म्हणजे टार्डिग्रेड, त्याहून काटकसरी. त्यांच्या अनेक जातींच्या माद्या टाकलेल्या कातेतच अंडी घालून मोकळ्या होतात. वेगळं घरटं कोण बांधणार.

जुन्या पिढीला या घराण्याची खरी ओळख आहे ती नारूमुळे. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरणाऱ्या गावांत नारू घरोघर असे. पायावर फोड यायचा, आग आग व्हायची, माणूस पाय पाण्यात बुडवायचा, आणि फोडातून डोकावणारी मादी तिथेच आपली हजारो पिल्लं सोडायची. पिल्लांना गिळायचा सायक्लॉप्स नावाचा सुईच्या टोकाएवढा जीव. तो खेकड्याच्या कुळातला, म्हणजे तोही कात टाकणारा. नारूचं पिल्लू सायक्लॉप्सच्या पोटात दोनदा कात टाकत असे. एक कात टाकणारा दुसऱ्या कात टाकणाऱ्यात राहून कात टाकतो, आणि मग कुणी ते पाणी न गाळता पितो. वर्षभराने मीटरभर लांब धागा पायातून बाहेर. तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा, कारण तुटला तर आत सडायचा. या रोगावर ना लस निघाली ना औषध. पायऱ्या बुजवून रहाटाच्या विहिरी केल्या, फडक्याने पाणी गाळायला शिकवलं, घरोघर फिरून रुग्ण शोधले. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ च्या जुलैमध्ये जोधपूर जिल्ह्यात सापडला, आणि २००० साली भारत नारूमुक्त ठरला. फडक्याने केलेल्या या कामगिरीचं पुरेसं कौतुक झालं नाही, असं माझं मत आहे.

पोटातल्या जंताचा प्रवास वेगळाच. त्याचं अंडं मातीतून, हातातून, न धुतलेल्या भाजीतून पोटात जातं. अळी आतड्यातून निघते, रक्तातून यकृतात, तिथून फुप्फुसात, मग श्वासनळीतून वर घशात, आणि गिळली जाऊन पुन्हा त्याच आतड्यात, जिथून निघाली होती. एवढी यात्रा करून यायचं ते स्वतःच्या दारात. तिथे शेवटची कात टाकून काही मिलिमीटरचा हा जीव वीत-दीड वीत लांब होतो, तोही पुन्हा कात न टाकता, आणि मादी दिवसाला दोन लाख अंडी घालते. जुन्या बायका याचं खापर गुळावर फोडत आल्या आहेत. पोराने गुळाचा खडा तोंडात टाकला की ‘जंत होतील’ म्हणायचं आणि वावडिंगाचं पाणी पाजायचं. गुळाचा यात काडीचाही संबंध नाही. आता १० फेब्रुवारीला आणि १० ऑगस्टला शाळेत, अंगणवाडीत जंतनाशक गोळी मिळते, ती चावून खायची असते. गुळाची बदनामी मात्र कायम आहे.

शेवटी या घराण्यातला माझ्या सगळ्यात जवळचा सभासद, म्हणजे अंतराने जवळचा. पुस्तकांच्या कपाटातली कसर. पंख नसलेली, रुपेरी, तीन शेपट्यांची. बहुतेक कीटक प्रौढ झाले की कात टाकणं थांबवतात. कसर थांबवत नाही. प्रौढ होते, अंडी घालते आणि मरेपर्यंत कात टाकतच राहते. याचा एक परिणाम तिच्या संसारावर होतो. नराकडून मिळालेलं बीज मादी ज्या पिशवीत साठवते, तिचं अस्तरही कातेबरोबर निघून जातं. म्हणजे दर कातेनंतर मागचा सगळा मामला रद्द, आणि पुन्हा पहिल्यापासून. मग पुन्हा भेट, मिशा थरथरवत समोरासमोर पुढे-मागे होणं, पुन्हा नराने एक रेशमी धागा ताणणं आणि त्याखाली बीजाची पुडी ठेवणं. हा नाच अर्धा तासही चालतो. मधे भूक लागलीच, तर पुस्तकाच्या बांधणीची खळ पायाखालीच असते.